मंडळाला टाकाऊ वस्तूंचा देखावा करायचाय, त्यानं लोक खरंच बदलतात का?

प्रश्न असा आहे की पलूस तालुक्यातल्या एका गावातलं तरुण मंडळ आहे, यंदा गणेशोत्सवात थर्माकोल नको, फ्लेक्स नको, सगळा देखावा टाकाऊ आणि निसर्गातल्या वस्तूंचा करायचा असं पोरांनी ठरवलंय, विषय कृष्णेचं प्रदूषण, डोक्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा मोठा मासा आहे, आणि विचारायचंय की हे करायचं कसं आणि असलं काही बघून लोकांच्यात काही फरक पडतो का.

दुसऱ्यापासून सुरू करते. नुसतं बघून फरक पडत नाही. लोक येतात, फोटो काढतात, "लय भारी केलंय पोरांनी" म्हणतात आणि पुढच्या मंडळाकडं जातात. फरक पडतो तो ज्यांनी सामान दिलं, गोळा केलं, धुतलं, शिवलं, बांधलं त्यांच्यात. मी सांगली-मिरज आणि आसपासच्या गावांत बरीच वर्षं हे काम करते, शाळांत, बचत गटांच्या बायकांबरोबर, उसाच्या पट्ट्यातल्या मंडळांबरोबर, आणि माझं मत आता पक्कं झालंय की सामान कुणाकडनं आलं आणि कसं आलं यावरच सगळं ठरतंय. देखावा शेवटी उभा राहतो तो त्या सगळ्या खटाटोपाचा पुरावा असतो म्हणा ना.

आता मासा. बाटल्यांचा नका करू. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या त्या पारदर्शक बाटल्या पेट प्लास्टिकच्या असतात आणि आपल्याकडं जे थोडंफार प्लास्टिक नीट रिसायकल होतंय त्यात ही बाटली सगळ्यात पुढं आहे. भंगारवाला तिचे पैसे देतो म्हणून तर कचरा वेचणाऱ्या बायका ती रस्त्यावर फार वेळ पडू देत नाहीत, तिचा पुढं धागा होतो, कापड होतं. तुम्ही तिच्यावर ऑइलपेंट मारला, ग्लू गननं दुसऱ्या बाटलीला चिकटवली की ती त्या साखळीतनं बाहेर पडली, आता तिला कुणी घेणार नाही. शिवाय उन्हात बाटली हळूहळू ठिसूळ होते, तिचे तुकडे पडायला लागतात. उत्सव संपला, मासा ठेवायला जागा नाही, देवळामागं टाकला, पाऊस आला की ओढ्यातनं सरळ नदीत. म्हणजे ज्या बाटल्या कधी नदीत जाणार नव्हत्या त्या तुमच्यामुळं जातील.

गावात एकदा खाली बघत चाला. बाटल्या कमी सापडतील, पुड्या मात्र पावला-पावलावर. गुटखा, सुगंधी सुपारी, वेफर्स, शाम्पूची पाऊचं. ह्यात प्लास्टिकचे आणि चंदेरी अस्तराचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते परत वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही आणि वेचणारीही उचलत नाही. हे सामान खरं टाकाऊ. मासा करायचाच असेल तर ह्याचा करा, आणि त्यातही सुरुवात शाळेच्या गेटपासनं करा असं मी सांगेन.

का ते सांगते. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. आणि २००३ च्या केंद्राच्या तंबाखू कायद्याप्रमाणं शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूचा कुठलाच पदार्थ विकता येत नाही. हे बऱ्याच लोकांना ऐकून माहीत असतं पण ९१ मीटर म्हणजे नेमकं कुठपर्यंत हे कुणी डोळ्यानं बघितलेलं नसतं. तर तुम्ही काय करा, लांब दोरी घ्या, शाळेच्या कंपाउंडपासनं मोजा आणि क्रिकेटचं ग्राउंड आखतात तशी रस्त्यावर चुन्याच्या फक्कीनं रेघ मारा. ती रेघ मारताना लोक थांबून विचारतात, काय चाललंय, आणि तिथंच अर्धं काम होतं. मग रेघेच्या आत सापडलेल्या पुड्या एका पोत्यात, बाहेरच्या दुसऱ्या पोत्यात, मिसळायच्या नाहीत. मोजायच्या. मासा करताना पोटाचा भाग आतल्या पुड्यांचा, बाकी अंग बाहेरच्या पुड्यांचं, आणि शेजारी पुठ्ठ्यावर फक्त तारीख आणि दोन आकडे. घोषवाक्य काही नको. "प्लास्टिक हटवा देश वाचवा" असलं लिहिलं की माणूस वाचायच्या आधीच पुढं सरकतो, आकडा वाचायला मात्र थांबतो, कारण तो त्याच्या गावाचा असतो.

यात लहान मुलांना घेऊ नका, हे अगदी कळकळीनं सांगते, त्या पुड्यांना थुंकी लागलेली असते. मोठ्या पोरांनी रबरी हातमोजे आणि चिमटा घेऊन उचलायच्या, घरी आणून धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवायच्या, चोळून धुवायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. धुतलेलं पाणी ओढ्यात ओतायचं नाही, शोषखड्डा असेल तर त्यात. वाळलेल्या पुडीची उभी घडी घालत बारीक पट्टी करा, मग दोन्ही टोकं आत दुमडून मधोमध वाकवा, अशी दोन पायांची घडी तयार होते, तिच्या फटीतनं दुसऱ्या घडीचे दोन पाय घाला, ओढा, की वेणीसारखी साखळी वाढत जाते. गोंद नाही, टाका नाही. अशा साखळ्या बांबूच्या सांगाड्यावर सुतळीनं बांधत गेलं की खवल्यांसारखं दिसतं आणि चंदेरी बाजू वर ठेवली तर दिव्यात चमकतंही छान. ह्याला हात खूप लागतात, वेळ खूप लागतो, आणि तेच पाहिजे आहे, कारण रोज संध्याकाळी दहा-वीस माणसं पुड्या दुमडत बसली की बोलणं त्याच विषयावर येतं, कोण किती खातं, कुणाच्या घशाचं ऑपरेशन झालं, कुणाचं तोंड उघडत नाही. मी अशा बैठकीत पुड्या खाणारी माणसंही बघितलीत, गप खाली मान घालून दुमडत बसलेली.

आमच्या सांगलीत पुराचं काम केलं होतं ते सांगते, तुम्हाला नदीच्या विषयाला उपयोगी पडेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. पाणी उतरल्यावर घराघरात चिखलानं खराब झालेल्या साड्या, पडदे, चादरी. तो गाळाचा डाग धुऊन जात नाही, कापड मळकट तांबूस होऊन बसतं. बायकांना ते टाकवतही नव्हतं आणि वापरवतही नव्हतं. आम्ही म्हटलं त्याच्या पट्ट्या फाडू आणि ज्याच्या त्याच्या घराला, पाणी जिथपर्यंत आलं होतं बरोबर त्या उंचीला, स्वतःच्याच साडीची पट्टी बांधू. गल्ली अशी की एका टोकाला पट्टी गुडघ्याइतकी, आणि उतारानं नदीकडं जाल तशी कमरेला, खांद्याला, मग डोक्याच्या वर, मग खिडकीच्या वर. सगळ्या पट्ट्या मात्र एका सपाट रेषेत, कारण पाणी सपाटच असतं, जमीन खाली जात असते. नकाशातली पूररेषा ज्यांना कधी कळली नव्हती त्यांना ती ह्या चिंध्यांनी कळली. विजेच्या खांबाला काही बांधलं नाही, ते करूही नका.

सगळ्यांना आवडलं असं नाही हं. एका घरमालकानं रात्रीत पट्टी सोडून टाकली, कारण भाडेकरू येऊन बघून जायला लागले, आणि त्यांचंही बरोबर होतं, त्यांचं पोट त्या भाड्यावर. पण मी म्हणते नवीन बिऱ्हाड येताना "इथं पाणी कुठपर्यंत येतं हो" असं विचारायला लागलं हाच तर बदल. २०२१ च्या जुलैला परत पाणी चढलं तेव्हा त्या गल्लीतली काही घरं लवकर हलली, सामान कुठल्या फळीवर ठेवायचं हे त्यांना पट्टी बघूनच माहीत होतं. उरलेल्या कपड्यांच्या पुढं बायकांनी वाकळा शिवल्या. वाकळ ही आपल्याकडची किती जुनी रिसायकलची कला आहे, आणि तिला कुणी कला म्हणत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आतनं फाटकी लुगडी, धोतरं, वरनं त्यातल्या त्यात बरी साडी, आणि कडेपासनं आत येत येत धावदोरा. शिवणारीला विचारा, ती प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून सांगेल हे कुणाचं, कधीचं.

बाहेरचं एक उदाहरण द्यायचं तर चंदीगडचे नेकचंद. सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारा साधा माणूस, चंदीगड वसवताना जी गावं पाडली त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा, विजेचे सॉकेट सायकलवरनं नेऊन १९५७ पासनं जंगलात गुपचूप मूर्ती करत बसला. अधिकाऱ्यांना कळायला कितीतरी वर्षं गेली, आणि १९७६ ला ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. पुढं त्यातनं रस्ता काढायची वेळ आली तेव्हा शहरातले लोक बुलडोझरपुढं उभे राहिले. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या मूर्तींत पाडलेल्या गावांचा राडारोडा आणि लोकांनी टाकून दिलेल्या फुटक्या बांगड्या आहेत. दुकानातनं नवीन बांगड्या आणून फोडल्या असत्या तर ते नुसतं नक्षीकाम झालं असतं.

निसर्गातल्या सामानाचं बोलू. तुमच्या भागात सगळ्यात जास्त काय असेल तर पाचट. ऊस गेला की फड पेटवायचा, कारण पाचट राहिलं की पाणी पाजता येत नाही, उंदीर होतात, आणि मजूर मिळत नाहीत. पण जाळलं की जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढायची संधी जाते आणि वरच्या थरातले जिवाणू मरतात, धुरानं गाव खोकतं ते वेगळं. एका गावात आम्ही बेंदराला, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाला, एसटी स्टँडवर पाचटाचा बैल उभा केला, जोडीच करायची होती पण जागा नव्हती. आत बांबू, त्यावर पाचटाच्या पेंढ्या, वरनं ओलसर पाचटाच्या पिळलेल्या दोऱ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पानाची धार कापते आणि कूस टोचते. बैलाच्या गळ्यात घुंगरांच्या जागी एक पाटी होती, तिच्यावर पाचट कुजवायची रीत: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर. एवढंच. एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघतं तर हिशेब ज्याचा त्यानं करावा. शेतकऱ्यानं पाटी वाचून मोबाईलवर फोटो काढला की समजायचं काम झालं. नुसतं "जाळू नका" म्हणणारं चित्र काढलं तर तो विचारणारच, मग काय करू ते सांगा की, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडं पाहिजे. बेंदूर झाल्यावर बैल सोडला आणि ज्याच्या फडातनं पाचट आणलं होतं त्याच्याच खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात, सरीत टाकला. तो शेतकरी आधी सगळ्यात मोठ्यानं हसला होता.

फक्त गणपतीसाठी पाचट वापरायचं तर ते हंगामातच, मार्च-एप्रिलपर्यंत, कोरडं आणून ताडपत्रीखाली ठेवावं लागतं, ऑगस्टमध्ये मिळेल ते भिजकं आणि बुरशी आलेलं. आणि मांडवात वाळकं पाचट, कडबा, कागद म्हणजे आगीला आमंत्रण. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून फवारा, वाळवा, परत फवारा, त्यानं पेट लवकर घेत नाही, पण म्हणून हॅलोजन जवळ लावायचा नाही, एलईडीच, आणि वाळूच्या बादल्या हाताशी. हे मी प्रत्येक मंडळाला सांगते आणि निम्मी मंडळं ऐकत नाहीत, तुम्ही ऐका.

निसर्गातलं म्हणजे फुकट आणि कुणाचंच नाही असं समजू नका. साताऱ्याकडची काही पोरं कास पठारावरनं फुलं, शेवाळ आणून सजावट करताना बघितलीत, ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि तिथली फुलं तोडायची नसतातच. पडलेलं घ्या. सावरीची बोंडं, करवंट्या, केळीचं सोपट, मक्याच्या बिट्ट्या. तासगाव भागात ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षाच्या काड्या ट्रॉल्या भरून मिळतात आणि त्यांच्या पिळामुळं फार सुंदर आकार होतात, पण बागेत औषधं मारलेली असतात, तेव्हा चार-पाच पाऊस अंगावर घेऊ द्या आणि मग हातमोजे घालून हाताळा. मिरजेत सतारमेकरांकडं तडकलेले भोपळे असतात, तंबोऱ्याला चालत नाहीत पण त्याचे दिवे, मुखवटे उत्तम होतात. आधी विचारा आणि चार पैसे द्या, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे त्या गावाचा खास माल म्हणून सरकारी मानांकन, मिळालं असलं तरी त्या घरांत आजही पैशाची ओढाताण आहेच.

रंग आणि चिकट थोडक्यात सांगते. चिकट म्हणजे मैद्याची खळ, घट्ट शिजवलेली. कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात, ते विष आहे, पोरांच्या हाताखाली नको. आपल्या आज्या कागदाच्या लगद्यात मेथ्या वाटून घालायच्या आणि पाटीवर थापून टोपल्या करायच्या, तेच करा, मेथीनं चिकटपणाही येतो आणि कीडही कमी. मात्र लगद्याचं काही पाण्यात सोडू नका, कागद म्हणून चांगला वाटतो पण पाण्यात कुजताना प्राणवायू खातो आणि छापील शाई सुटते. काळ्या रंगासाठी गंजके खिळे, गूळ आणि पाणी माठात घालून दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा, आंबूस वास आला की गाळा, आणि हिरड्याच्या पाण्यातनं काढून वाळवलेल्या सुती कापडावर ब्रश फिरवा, आधी फिकट दिसतं आणि बघता बघता डोळ्यादेखत काळंभोर होतं. शाळेत हा एक प्रयोग केला की पोरं दिवसभर हलत नाहीत. तांबड्याला काव, पांढऱ्याला चुना. हळद सांगलीत काय कमी नाही, पॉलिशच्या ड्रमखाली पडणारी भुकटी मिळते, चुना मिसळला की तिचं कुंकू होतं, लाल. पण हळदीचा रंग उन्हात उडतो, तेव्हा दहा दिवसांच्या कामाला ठीक, कायमच्या भिंतीला नको.

फ्लेक्स वापरायचा मोह होईल, वाढदिवसाचे बोर्ड गावोगाव पडलेले असतात. तो पीव्हीसी असतो, तापवायचा नाही, जाळायचा तर अजिबात नाही, विषारी धूर होतो. शिवून सामान झाकायला वापरा. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, दवाखान्याचं काही, देखाव्यात आणायचंच नाही.

पैशाचं. मंडळ म्हणतं टाकाऊ आहे म्हणजे बजेट शून्य. असं नसतं. कचरा वेचणाऱ्या बायकांना बरोबर घ्या, कुठला माल कुठं पडतो आणि कुठला कुणी घेत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि त्यांचा दिवस मोडतो त्याची मजुरी द्या, सत्कार आणि नारळ देऊन भागवू नका. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ला उभी राहिली ती ह्याचसाठी, की हे काम आहे, भीक नव्हे. ब्राझीलचा विक मुनिझ म्हणून कलाकार आहे, रिओजवळच्या मोठ्या कचरा डेपोवर वेचणाऱ्या माणसांचीच चित्रं त्यांनीच वेचलेल्या मालातनं, त्यांच्याच हातानं मांडून घेतली, आणि विक्रीचे पैसे त्यांच्या संघटनेला दिले. माल त्यांचा, हात त्यांचे, तर पैशातही वाटा त्यांचा, मला हे साधं गणित वाटतं.

आता तुमच्या गावातला अवघड भाग. शाळेजवळच्या टपरीवाल्याकडनं तुमचं मंडळ वर्गणी घेत असणार, आणि तो कुणाचा तरी काका, मामा असणारच. त्याला आधी भेटा, रेघ मारायच्या आधी. त्याचं नाव, टपरीचा फोटो कुठं लावायचा नाही. त्याला सांगा की रेघेच्या पलीकडं जागा बघायला ग्रामपंचायतीत आम्ही तुमच्याबरोबर येतो, आणि गुटखा बंद करून चहा-वडापाव लावला तर विसर्जनापर्यंत मंडळाचा चहा तुमच्याकडनंच. काही जण ऐकतात, काही भांडतात. भांडला तर उलट भांडू नका, मासा आणि ते दोन आकडे ग्रामसभेत घेऊन जा, मुख्याध्यापकांचं पत्र जोडा, ठरावाची नक्कल मागून घ्या. उत्सव झाल्यावर मासा सोडायचा, बांबू परत द्यायचे, पुड्यांच्या वेण्या पोत्यात भरून पंचायतीच्या ऑफिसात ठेवायच्या आणि दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावर परत मोजणी करायची. त्या मोजणीची तारीख आणि दर पंधरवड्याला रेघ परत मारायचं काम कुणाकडं, हे आत्ताच्या मीटिंगमध्येच ठरवा, पावसात चुना टिकत नाही.